घराण्यातलं दडवलेलं लग्न शोधताय? या चुका टाळा

कुलवृत्तांतात एखाद्या मुलीच्या नावापुढे नुसतं 'अल्पवयात निधन' किंवा मुलाच्या नावापुढे 'परागंदा' एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्या नावाशी आलं की घरातली वडीलधारी माणसं विषय बदलतात. इंदुरात रामबाग, नारायणबागेतल्या जुन्या मराठी घरांत अशी नावं बरीच आहेत. खोदायला लागलं की कधी जातीबाहेरचं लग्न निघतं, कधी विधवेचं, कधी लग्नाशिवाय थाटलेला संसार. शोध जरूर घ्या. फक्त त्या माणसांना घरच्यांनी एकदा पुसून टाकलंय, आपल्या घाईमुळे त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होऊ नये.

इंग्रजांचा कायदा सरसकट लावू नका

'१८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला होता, मग लपवायचं कारण काय?' असं नातवंडं विचारतात. तो कायदा ब्रिटिश मुलखासाठी होता. इंदूर होळकरांचं, तिथे दरबाराचा अंमल. शहराला लागून असलेली रेसिडेन्सी (इंग्रज प्रतिनिधीचं ठाणं) आणि महूची छावणी मात्र इंग्रजांच्या हाताखाली. म्हणून लग्न लागलं कुठे, हे आधी ठरवा. शिवाय त्याच कायद्यात पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क जाईल, अशी तरतूद होती. पुण्याकडे किंवा कोकणात वाटा असलेल्या घरांत गुपिताचं मूळ अब्रूइतकंच इस्टेटीतही असू शकतं.

नोंदणी लग्नाचंही तसंच. १८७२ च्या कायद्याप्रमाणे लग्न करायचं तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुठलाच धर्म मानत नाही, असं वधूवरांना लिहून द्यावं लागे. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांची ही अडचण १९२३ च्या दुरुस्तीनं दूर केली, पण त्या दुरुस्तीत एक मेख होती. असं लग्न करणारा हिंदू एकत्र कुटुंबातून वेगळा ठरे, आणि तो एकुलता एक असेल तर बापाला दत्तक घेण्याचा अधिकार मिळे. त्यामुळे ब्रिटिश मुलखातला, एकुलता एक मुलगा असलेल्या बापानं दत्तक घेतल्याचा कागद हाती आला, तर 'मुलगा वारला असेल' असं समजून पुढे जाऊ नका. तो कदाचित मुंबईत संसार करत असेल.

पाट म्हणजे पाप नव्हे

ब्राह्मण आणि स्वतःला कुलीन म्हणवणाऱ्या घरांत विधवेच्या वाट्याला केशवपन आणि सोवळं आलं. धनगर, माळी, कुणबी अशा अनेक जातींत तिचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागे, आणि तो जातीला मान्य असे. एका जातीचा विटाळ दुसरीच्या माथी मारू नका. उलट ब्राह्मण घरातल्या पत्रांत एखादी बाई आधी 'गं. भा.' (गंगाभागीरथी, म्हणजे विधवा) आणि काही वर्षांनी 'सौ.' दिसली, तर तिथे थांबा. लग्नात मुलीचं नाव बदलण्याची आपली रीत असल्यामुळे यमुना आणि लक्ष्मी या दोन बायका नसून एकच असण्याची शक्यता असते. माहेरचं नाव, बापाचं नाव आणि गाव जुळतंय का, ते पाहा.

तिथी वाचताना घाई नको

सगळ्यात जास्त बदनामी इथे होते, म्हणून हे सविस्तर सांगते. मराठी घरात महिना अमावास्येला संपतो, माळव्यातल्या हिंदी रीतीत पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच असतं, वद्य पक्षात मात्र हिंदी नाव एका महिन्यानं पुढे जातं. मराठी वैशाख वद्य पंचमी ही हिंदी बहीत, म्हणजे हिशोबाच्या वहीत, ज्येष्ठ कृष्ण पंचमी.

समजा, लग्नखर्च मुनिमाच्या हिंदी बहीत 'ज्येष्ठ कृष्ण ५' असा पडलाय आणि बाळाचा जन्म आजोबांच्या मोडी टिपणात 'माघ वद्य ५' असा आहे. दोन्ही तिथ्या मराठी धरल्या तर आठ महिने भरतात आणि घरात कुजबुज सुरू होते. बहीतली तिथी नीट फिरवली की लग्न वैशाखातलं ठरतं आणि नऊ महिने सरळ जुळतात. मध्ये अधिक महिना आला असेल तर आणखी एक वाढतो. त्या सालचं पंचांग पाहिल्याशिवाय बोलू नका. सालाचंही बघा. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायचे, पण जानेवारीपासून फाल्गुनाअखेर ७९. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळे शंका आली तर जाणकाराकडून दुसऱ्यांदा वाचून घ्या.

आठवणीतली सालं दुरुस्त करून घ्या

'महाराजांनी मडम केली त्या साली मावशी पळून गेली' असं आजी सांगते. इंदूरच्या तुकोजीराव होळकर तिसऱ्यांची गादी अमेरिकन नॅन्सी मिलरपायी गेली, असा समज घट्ट बसलाय, म्हणून दोन घटना एकाच सालात कोंबल्या जातात. मुंबईतल्या बावला या व्यापाऱ्याच्या खुनात इंदूरच्या माणसांचा हात निघाल्यावर चौकशीला सामोरं जायचं की गादी सोडायची, हा पेच उभा राहिला आणि महाराज फेब्रुवारी १९२६ मध्ये पायउतार झाले. नॅन्सी हिंदू होऊन शर्मिष्ठादेवी झाली आणि लग्न लागलं ते मार्च १९२८ मध्ये. आजीला खूण नेमकी कोणती आठवते, ते विचारा: गादी सोडली ते साल, की लग्नाचं? बडोद्याच्या माहेरवाशिणी 'ग्वाल्हेरची सोयरीक मोडली तेव्हा' म्हणतात. बडोद्याच्या राजकन्या इंदिराराजेंनी ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न नाकारून कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी लंडनला लग्न केलं ते १९१३ साली.

सापडल्यावर

कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच कागदाचा फोटो टाकू नका. त्या बाईची नातवंडं हयात असतात आणि त्यांना घरात वेगळीच कथा सांगितलेली असू शकते. नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत त्या घरातल्या कुणाची नोंद मिळते का, ते आधी बघा, म्हणजे एकाच कागदावर सगळा भार राहणार नाही. मग त्या शाखेतल्या थोरल्या माणसाला भेटून मसुदा वाचून दाखवा. ते हो म्हणाले तर तिचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं पूर्ण लिहा. नको म्हणाले तर 'पुढील तपशील वंशजांच्या इच्छेनुसार दिलेला नाही' असं छापा, आणि 'अल्पवयात निधन' हे शब्द काढून टाका.