ऑपरेशननंतर घरातलं वयस्क माणूस बरळतंय? या चुका टाळा

‘भूल जास्त झाली.’ ऑपरेशननंतर आजोबा काहीबाही बोलू लागले की घरच्यांचा निकाल तयार असतो. पण खुब्याचं हाड मोडलेल्या वयस्कांवरच्या दोन मोठ्या चाचण्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पूर्ण भूल दिली काय किंवा कमरेतून दिली काय, भ्रमाच्या (डिलिरियमच्या, म्हणजे अचानक येणाऱ्या मानसिक गोंधळाच्या) प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. त्यामुळे भुलेच्या प्रकारावर भूलतज्ज्ञांशी हुज्जत घालून फारसं हाती लागत नाही.

संशयाची सुई आहे दाहाकडे, म्हणजे शरीरातल्या सुजेकडे. ऑपरेशनमध्ये दुखावलेल्या पेशींमुळे रोगप्रतिकारक यंत्रणा जागी होते आणि इंटरल्युकिन-६ सारखी दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात वाढतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला संरक्षक पडदा उतारवयात कमकुवत होतो. मग मेंदूतल्या मायक्रोग्लिया या संरक्षक पेशीही चेतवल्या जातात. ही सूज स्कॅनवर सहसा दिसत नाही. ‘सूज उतरवायचं इंजेक्शन द्या ना’ हा आग्रहही चुकीचा, कारण यावर खात्रीचं औषध अजून नाही आणि स्टिरॉइडने काहींचा गोंधळ उलट वाढतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शांत पेशंटला बरा समजणं. आरडाओरडा करणारा लगेच लक्षात येतो. पण दिवसभर पेंगणारी, एका शब्दात उत्तर देणारी, जेवणाकडे न बघणारी आजी ‘थकली असेल’ म्हणून सुटून जाते. हाही भ्रमच, आणि वयस्कांत तो बराच आढळतो. ‘ही रोजच्यासारखी नाही’ हे नर्सच्या आधी तुम्हाला कळतं, म्हणून तुम्हीच सांगा. त्यामागे जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता किंवा न सांगितलेलं दुखणं असू शकतं. एका बाजूला अचानक अशक्तपणा आला किंवा जीभ जड झाली, तर मात्र भ्रम समजून थांबू नका. तो पक्षाघात असू शकतो.

चष्मा आणि कानाचं यंत्र ‘हरवेल’ म्हणून घरी ठेवू नका. धड दिसत-ऐकू येत नसेल, तर नव्या खोलीत कुणीही गोंधळेल. झोपेची गोळी मागून घेणं टाळा, सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्याही विचारल्याशिवाय नकोत. त्याऐवजी रात्री दिवे मंद करा, दिवसा पडदे उघडा, डॉक्टरांनी परवानगी देताच चालवा.

ऑपरेशनआधी लपवाछपवी नको. विसरभोळेपणा, रोजचं मद्यपान, आधी कधी झालेला भ्रम हे सगळं सांगा. मद्य अचानक बंद झाल्यानेही भ्रम होतो. पाणी कधीपर्यंत चालेल तेही विचारा; बहुतेकांना ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, तरी आदल्या रात्रीपासून कोरडं ठेवलं जातं.

घरी आल्यावर? १९९८च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात साठीपुढच्या सुमारे एक चतुर्थांश रुग्णांची बुद्धी ऑपरेशननंतर आठवड्याने मंदावलेली आढळली. तीन महिन्यांनी हे प्रमाण दहा टक्क्यांवर आलं होतं. म्हणून पहिल्या आठवड्यातच स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारू नका. पण तीन महिन्यांनंतरही हिशेब, औषधांच्या वेळा जमत नसतील, तर स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या.