डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीसाठी इंजिन ऑइल कसे निवडावे

ऑइल घ्यायला गेलात की दुकानदार विचारतो, "५डब्ल्यू-३० ना?" एवढ्यावर हो म्हणू नका. या आकड्यांवरून ऑइल किती पातळ, किती दाट हेच कळते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, बसू लागला. त्याच्यासाठी महत्त्वाची असते ती ऑइलमधली राख.

इंजिनमध्ये थोडे ऑइल जळतेच. इंजिन आतून स्वच्छ राहावे म्हणून त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमची संयुगे घातलेली असतात. ती जळली की राख उरते. फिल्टरमधली काजळी गाडी स्वतःच अधूनमधून सुमारे ६०० अंशांवर जाळून टाकते, त्याला रिजनरेशन म्हणतात. राख मात्र त्या उष्णतेतही जात नाही, साचतच राहते. शेवटी फिल्टर उतरवून साफ करावा लागतो नाहीतर बदलावा लागतो, आणि तो खर्च मोठा असतो.

म्हणून आधी गाडीचे मॅन्युअल उघडा. त्यात ऑइलचा दर्जा लिहिलेला असतो: एसीईए (युरोपातल्या मोटार कंपन्यांची संघटना) सी२, सी३ असा, किंवा कंपनीचा स्वतःचा मंजुरी क्रमांक. तो मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

मग डब्याची मागची बाजू वाचा. पुढचे 'फुल्ली सिंथेटिक' मोठ्या अक्षरात असले तरी त्यातून राखेचा पत्ता लागत नाही. एसीईएच्या 'सी' गटातली ऑइले कमी राखेची: सी३ मध्ये जास्तीत जास्त ०.८ टक्के, सी१ आणि सी४ मध्ये ०.५ टक्के. ए३/बी४ ऑइलही ५डब्ल्यू-३० मध्येच मिळते, पण त्यात राख सी३ च्या जवळपास दुप्पट असू शकते. सी३ सांगितले असेल तर सी५ घेऊ नका. राखेची मर्यादा सी३ इतकीच असली तरी गरम इंजिनात सी५ चा थर अधिक पातळ राहतो. पिकअप किंवा ट्रकसाठी मॅन्युअलमध्ये एपीआय (अमेरिकेतला ऑइलचा दर्जा) सीके-४ असेल, तर जुना सीआय-४ चा डबा स्वस्त मिळतो म्हणून उचलू नका.

०डब्ल्यू की ५डब्ल्यू, यावर गोव्यात डोके शिणवायची गरज नाही. तो आकडा कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू होण्याचा आहे. मॅन्युअलमध्ये दोन्ही चालत असतील तर मिळेल ते घ्या.

सील शाबूत आहे ना पाहा, बिल घ्या. गॅरेजमध्ये पिंपातून सुटे ऑइल भरू देऊ नका, डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. ऑइल फिल्टर त्याच वेळी बदला.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. घर ते बाजार अशा छोट्या फेऱ्या, रायबंदरला चोडणच्या फेरीबोटीसाठी एसी लावून थांबणे, यात रिजनरेशन अर्धवट राहते. त्यासाठी जादा फवारलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते. डीपीएफचा दिवा लागला तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे महामार्गावर एकसारख्या वेगात गाडी चालवा. बहुतेक गाड्यांना १५-२० मिनिटे पुरतात. महिन्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पाहा. पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली असेल तर किलोमीटर पुरे व्हायची वाट न पाहता ऑइल बदला.