निमुळते पाय कापण्याआधीची तयारी

टेबलाचे पाय निमुळते करायचे ठरलं की पहिला प्रश्न हमखास एकच: कोन किती अंशांचा? माझ्या मते तो सगळ्यात शेवटी विचारावा. आधी कागदावर मापं हवीत. पाय वर किती जाड, टोकाशी किती, आणि उतार नेमका कुठून सुरू होतो. समजा, पाय 720 मिमी लांब, वर 45 मिमी चौरस आणि खाली 25 मिमी. वरची आडवी पट्टी 100 मिमी रुंद असेल तर उतार 120 मिमीवरून सुरू करा. पट्टीच्या खाली थोडी सरळ जागा राहिली की पुढे रंधा मारताना जोडाला धक्का लागत नाही. म्हणजे उताराची लांबी उरते 600 मिमी. हिशेबाला हीच लांबी घ्यायची, पूर्ण पायाची नाही. पूर्ण 720 धरून काढलेला कोन या 600 मिमीवर वापरला तर टोक 25 ऐवजी 28 मिमीच्या वर राहतं, आणि नाजूक पायात तीन मिलिमीटर लगेच डोळ्यांना खुपतात.

उतार किती बाजूंना द्यायचा हेही आत्ताच ठरवा. आतल्या दोन बाजूंनाच द्यायचा असेल तर प्रत्येक बाजूने 20 मिमी जातात. 20 भागिले 600, गुणिले 57.3 (गुणोत्तराचे अंश करणारा आकडा), म्हणजे सुमारे 1.91 अंश. चारही बाजूंना असेल तर प्रत्येकी 10 मिमी, म्हणजे साधारण 0.95 अंश. (फोनच्या कॅल्क्युलेटरवर इनव्हर्स टॅन घेतलात तरी हेच येईल, इतक्या लहान कोनात 57.3 चा गुणाकार पुरेसा अचूक असतो.) मला स्वतःला आतल्या दोन बाजूंचा उतार आवडतो. बाहेरून पाय ओळंब्यात दिसतो आणि टेबल घट्ट उभं वाटतं. फक्त बाहेरच्या बाजू उतरवल्या तर पाय आत वळल्यासारखे दिसतात, ते टाळाच.

आता मी कोन शेवटी का म्हणतो ते सांगतो. कोनमापकावर अर्धा अंश चुकणं फार सोपं आहे आणि 600 मिमीवर त्या अर्ध्या अंशाचे पाच मिलिमीटर होतात. म्हणून कोन लावून कापू नका, खुणेवर कापा. प्लायवूडची एक लांब पट्टी टेबल करवतीच्या फेन्सला (पात्याला समांतर असलेल्या सरळ आधाराला) लावून एकदा करवतीतून काढा. आता तिची कापलेली कड म्हणजे पातं जिथून जाणार ती रेघ. पायावरच्या दोन खुणा, उताराची सुरुवात आणि टोकाची जाडी, या कडेवर आणा. पायाच्या मागे आणि शेवटाला ठोकळे स्क्रूने बसवा, वरून टॉगल क्लॅम्प (दांडा दाबून घट्ट धरणारी पकड) लावा. पाय धरून ठेवणारी ही पट्टी म्हणजेच आपलं जिग. कोन आपोआप बसतो, काढलेले 1.91 अंश फक्त पडताळणीला ठेवा. पायावरच्या खुणा मात्र अंतिम मापाच्या एक मिलिमीटर बाहेर, कापून जाणाऱ्या भागात करा, म्हणजे रंध्याला काम उरेल.

लाकूड निवडताना रेषे सरळ हवेत. रेषे तिरके असतील तर खालचा बारीक भाग तिथूनच तुटतो; गाठ असेलच तर ती जाड भागात जाऊ द्या. चारही पाय आधी अचूक चौरस करून गुण्याने तपासा. जोडाच्या खाचा उतार कापण्याआधीच पाडून घ्या, कारण उतार दिल्यावर पाय सपाट पडत नाही. मग चारही पाय एकत्र उभे करून माथ्यावर एकच मोठा त्रिकोण काढा, म्हणजे कुठला पाय कुठे ते कळेल, आणि आतल्या बाजूंवर ठळक फुल्या मारा. चुकीच्या बाजूला उतार दिला गेला की त्या पायाला दुसरा उपाय नाही, नवाच करावा लागतो. म्हणून साध्या लाकडाचा एक पाचवा पाय तयार ठेवा आणि पहिला काप त्यावर घ्या.

कापांचा क्रमही मनात पक्का हवा. पहिला काप झाल्यावर पाय असा फिरवा की कापलेली बाजू वर येईल, न कापलेली बाहेरची बाजू ठोकळ्याला टेकेल आणि खालची बाजूही सपाट असेल. दोन बाजूंच्या उताराला एवढं पुरतं. चार बाजूंना मात्र तिसऱ्या आणि चौथ्या कापाला उतरती बाजू ठोकळ्याला टेकते, आणि जिग तसंच ठेवलं तर काप चुकतो. तिथे टोकाशी 10 मिमीची पाचर द्या, किंवा पहिल्या कापातून निघालेला तुकडाच मागे चिकटवा. कोन लावून चालणारं जिग असेल तर या कापांना कोन दुप्पट, 1.91 अंश. उतरलेली बाजू खाली आली असेल तर तिथेही टेकू हवा, नाहीतर पाय डुलतो.

पाय रोखायला हात नाही, क्लॅम्प. पात्यामागचा स्प्लिटर (कापलेले भाग वेगळे ठेवणारी पट्टी) जागेवर, ढकलकाठी हाताशी, कानावर संरक्षण आणि डोळ्यांवर चष्मा. बारीक तुकडा पात्याशेजारी अडकला तर यंत्र बंद होऊन पातं थांबेपर्यंत त्याला हात लावू नका.

रंध्याला धार लावून ठेवा आणि तो जाड भागाकडून टोकाकडे चालवा. उलट दिशेने रेषे उपटतात. टोकाच्या चारही कडा दोनेक मिलिमीटर मारून घ्या, नाहीतर टेबल सरकवताना कपच्या उडतात.