पाखरांसाठी राखलेल्या तुकड्याची मशागत: छोटे यंत्र निवडताना या चुका टाळा

उत्तर सोलापूर तालुक्यात नान्नज, मार्डी, वडाळा या बाजूला शेत आणि माळरान एकमेकांना लागूनच आहे. काळवीट, चिंकारा, तित्तर, चंडोल यांना बांध कुठे संपतो याची कल्पना नसते आणि ती असण्याची अपेक्षाही नसते. अशा ठिकाणी स्वतःच्या मालकीच्या जमिनीतला अर्धा-एक एकर तुकडा ज्वारी, बाजरी किंवा राळा पेरून वन्यजीवांसाठी तसाच उभा ठेवावा, असा विचार करणारे शेतकरी आणि निसर्गप्रेमी आता भेटू लागले आहेत. विचार चांगला आहे. अडचण यंत्र निवडताना येते, कारण असे तुकडे पेरण्याची पद्धत अमेरिकेत हरणांच्या शिकारीच्या निमित्ताने रूढ झाली आणि तिथल्या चित्रफितींत दिसणारी हलकी अवजारे तिथल्या जमिनींसाठी, तिथल्या पावसासाठी बनलेली असतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, म्हणजे हेतू वेगळा आहे. सोलापूरची जमीन तर त्याहून वेगळी आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे तुकडा लहान आहे म्हणून यंत्रही लहान पुरेल, असे गृहीत धरणे. यंत्र किती मोठे हवे हे क्षेत्रफळावरून ठरत नाही, ते मातीवरून आणि कामावरून ठरते. खोल काळी जमीन एप्रिल-मे महिन्यांत भेगाळून इतकी घट्ट होते की पाच-सात अश्वशक्तीचा पॉवर वीडर (हाताने धरून चालवायचे, फिरत्या पात्यांचे छोटे यंत्र) तिच्यात शिरतच नाही. त्याची पाती वरच्या कवचावर आपटतात, यंत्र पुढे उसळते आणि चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात. पाती जमिनीत जाण्यासाठी ताकदीइतकेच वजनही लागते, आणि हलक्या यंत्रात नेमके तेच कमी असते. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा आहे की पहिली नांगरट करायचीच असेल, तर ती गावातल्या मोठ्या ट्रॅक्टरकडून भाड्याने एकदा करून घ्यावी आणि छोटे यंत्र फक्त पुढच्या कुळवणीसाठी (उथळ मशागत) व आंतरमशागतीसाठी (उभ्या पिकाच्या ओळींमधली मशागत) निवडावे. एका नांगरटीसाठी मिनी ट्रॅक्टर विकत घेणे कोणत्याही हिशोबात बसत नाही.

माळाच्या कडेची मुरमाड, उथळ जमीन असेल, तर प्रश्न उलटा होतो. तिथे माती कमी आणि दगड जास्त असतात. रोटाव्हेटरची, म्हणजे माती भुसभुशीत करणाऱ्या फिरत्या अवजाराची, पाती दगडावर आदळून वाकतात, बोल्ट तुटतात आणि खालचा मुरूम वर येऊन असलेली मातीही खराब होते. अशा जमिनीत स्प्रिंग असलेला लहान कल्टिव्हेटर किंवा बैलांचा कुळव चांगला, कारण दगड लागला की स्प्रिंगचा फण मागे सरकतो आणि पुन्हा जागेवर येतो. गावात अजून बैलजोडी असेल, तर अर्ध्या एकरासाठी तिच्याइतके योग्य साधन दुसरे नाही.

हरळी असलेल्या रानात रोटाव्हेटर घालणे

या चुकीबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते, कारण तिचे परिणाम पुढची काही वर्षे भोगावे लागतात. पडीक ठेवलेल्या तुकड्यात हरळी, लव्हाळा आणि कुंदा ही चिवट तणे हमखास असतात. रोटाव्हेटर फिरवला की वरून जमीन भुसभुशीत आणि स्वच्छ दिसते, पाहणाऱ्याला समाधान वाटते. प्रत्यक्षात पात्यांनी हरळीच्या काशांचे (जमिनीत पसरणाऱ्या खोडांचे) बोटाएवढे तुकडे करून ते सगळ्या रानात पसरवलेले असतात आणि प्रत्येक डोळ्यातून नवी हरळी फुटते. यंत्र थांबवून पात्यांचा दांडा पाहिला, तर त्याभोवती काशांचा घट्ट पीळ बसलेला दिसतो. तो कोयत्याने कापून काढावा लागतो आणि वेळेवर काढला नाही, तर कडेच्या ऑइल सीलमध्ये घुसून गिअरचे तेल गळू लागते. तेल गळते म्हणून यंत्राला दोष देण्याआधी हा पीळ पाहावा. तो काढताना इंजिन पूर्ण बंद असलेच पाहिजे, नुसता क्लच सोडून हात घालू नये.

हरळीवरचा उपाय जुनाच आहे. उन्हाळ्यात खोल नांगरट करावी, ढेकळे उन्हात तापू द्यावीत, मग कुळवाने काशा वर आणून वेचून बांधाबाहेर काढाव्यात. छोट्या तुकड्यात हे काम हाताने होण्यासारखे आहे.

वाफसा न पाहता यंत्र चालवणे

काळ्या मातीत मशागतीची योग्य वेळ थोड्याच दिवसांची असते. वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य अशी बेताची ओल, आला की नाही हे पाहण्यासाठी चार बोटे खोलीवरची माती मुठीत घेऊन दाबावी. गोळा तयार होऊन हाताला चिखल लागत असेल, तर थांबावे. गोळा होत असेल आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर तो फुटून विखुरत असेल, तर यंत्र घालावे. गोळाच होत नसेल, तर वेळ निघून गेली असे समजावे. ओल्या मातीत रोटाव्हेटर चालवला तर पात्यांना माती लपेटते आणि पात्यांच्या टोकाखाली एक गुळगुळीत, घट्ट थर तयार होतो, ज्यातून मूळ आणि पाणी दोन्ही खाली जात नाहीत. दरवर्षी त्याच खोलीवर यंत्र चालवल्यास हा थर आणखी पक्का होतो.

रब्बी ज्वारीचा तुकडा असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही ज्वारी पावसाळ्यात जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते, म्हणून पेरणीच्या तोंडावर माती खोलवर उलथवणे म्हणजे ती ओल उडवून देणे होय. पावसाळ्यात तण उगवेल तशा कुळवाच्या उथळ पाळ्या द्याव्यात आणि 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या काळात दोन चाड्यांच्या पाभरीने (बैलांच्या पेरणीच्या अवजाराने) पेरावे. मोहोळ येथे निवड पद्धतीने तयार झालेली मालदांडी 35-1 ही ज्वारी या जमिनीची आणि या हवामानाची सवय असलेली आहे, त्यामुळे पाखरांसाठी वेगळे बियाणे बाहेरून आणण्याची गरज मला वाटत नाही.

यंत्र बिघडले की मशागत चुकली?

पुष्कळ तक्रारी यंत्राच्या नसून जुळवणीच्या असतात. पॉवर वीडर पुढे पळत असेल आणि खोल जात नसेल, तर मागचा खोलीचा दांडा फार वर राहिलेला असतो. तो एक-दोन छिद्रे खाली घेतला की यंत्र संथ होते आणि पाती जमिनीत उतरतात. त्यानंतरही उसळत असेल, तर जमीन कोरडी आहे, यंत्रावर दगड बांधून वजन वाढवू नये. मोठी ढेकळे राहत असतील, तर पुढे जाण्याचा वेग कमी करावा आणि एक हलका पाऊस होऊ द्यावा. पाती उलटी बसवल्यामुळे माती न कापता नुसती रेटली जाते, हाही नेहमीचा प्रकार आहे: धारेची बाजू फिरण्याच्या दिशेला हवी. इंजिन काळा धूर सोडत असेल, तर आधी एअर क्लीनर उघडावा. आपल्याकडच्या धुळीत तो रोज पाहणे आवश्यक आहे आणि तेलाचा क्लीनर असेल, तर त्यातले गढूळ तेल बदलावे.

उगवण विरळ झाली, तर दोष बहुधा जास्त मशागतीचा असतो. माती फार पोकळ झाली की राळा, बाजरी यांसारखे बारीक बी खोल पडते किंवा मातीला चिकटून बसत नाही. बाजरी दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये आणि पेरणीनंतर रानावरून फळी फिरवावी.

यंत्राची रुंदी पाहायला लोक विसरतात. ज्वारीच्या दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर असते, म्हणून दोन्ही बाजूंना रोपांसाठी जागा सोडल्यावर मध्ये तीस सेंटिमीटरच्या आसपासच पट्टा उरतो. रुंदी तितकी कमी होत नसेल, तर ते यंत्र पेरणीनंतर उपयोगाचे नाही आणि कोळपेच (ओळींमधले तण काढण्याचे अवजार) हाती धरावे लागेल.

जागा आणि घरटी

ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला आहे, त्यांचीच घरटी यंत्राखाली जाऊ शकतात. टिटवी, चंडोल, तित्तर जमिनीवरच अंडी घालतात आणि ती मातीच्या रंगात मिसळून जातात. उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या सुरुवातीला यंत्र घालण्याआधी तुकडा सावकाश पायी फिरून पाहावा. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, तर तेवढा भाग सोडून द्यावा. ज्या माळावर मूळचे गवत उभे आहे, तो नांगरून त्यावर दाणे पेरणे ही तर मोठी हानी आहे, कारण माळढोक पक्ष्यासाठी 1979 मध्ये येथे अभयारण्य झाले ते याच गवताळ रानामुळे. तुकडा पूर्वीपासून वहितीत असलेल्या जमिनीतच घ्यावा आणि वनखात्याच्या जमिनीवर अवजार नेऊ नये. सोलापूर-बार्शी रस्त्यालगतची जागाही टाळावी, तसेच शेजाऱ्याच्या कोवळ्या पिकाला लागून तुकडा ठेवू नये.

खरेदीबाबत थोडेच सांगायचे आहे. अनुदान हवे असेल, तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करून पूर्वसंमती मिळेपर्यंत यंत्र विकत घेऊ नये, आधी बिल केलेले यंत्र अनुदानाला पात्र ठरत नाही. वर्षातून चार-सहा दिवसांच्या कामासाठी अवजारे बँकेतून (अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रातून) यंत्र भाड्याने घेणे परवडते का, हेही आधी पाहावे. विकत घ्यायचेच ठरले, तर विक्रेत्याला प्रात्यक्षिक त्याच्या अंगणात नव्हे, तर तुमच्या तुकड्यात करून दाखवायला सांगावे, आणि पात्यांचा संच, बेल्ट व ऑइल सील सोलापुरात कुठे मिळतात ते दुकानाचे नाव विचारून लिहून घ्यावे.