तुळशीवरच्या माश्यांचे मॅक्रो फोटो कसे काढायचे

मॅक्रो, म्हणजे बारीक गोष्टींचे अगदी जवळून मोठे फोटो, म्हटलं की लोक आधी लेन्स केवढ्याला पडते ते विचारतात, पण खरं सांगू का, आधी फूल बघा. कुंडीतल्या तुळशीला मंजिऱ्या आल्या की सातेरी, फुलोरी (या दोन्ही मधमाश्याच) आणि डंख नसलेल्या त्या बारक्या काळ्या माश्या (जेमतेम ४ मिलिमीटरच्या) आपोआप यायला लागतात. त्यांच्या मागे कॅमेरा घेऊन पळायचं नाही. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते, म्हणजे उडाली तरी शेजारच्या मंजिरीवरच जाणार, मग आपण एक मंजिरी पकडून बसायचं, हळू हलायचं आणि आपली सावली तिच्यावर पडू द्यायची नाही.

आता सामान. १:१ वाली (सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराएवढी उमटवणारी) मॅक्रो लेन्स असेल तर उत्तमच, नसेल तर ५० एमएम लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावा किंवा ५५-२५० सारख्या झूमवर रेनॉक्स डीसीआर-२५० (लेन्सच्या तोंडावर क्लिपने बसणारं भिंग) चिकटवा, मला तरी हाच जुगाड सगळ्यात सोयीचा वाटतो कारण दोन सेकंदात लागतो आणि निघतो.

सेटिंग मॅन्युअल ठेवा: एफ/११ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते), शटर १/२०० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २०० ते ४००, आणि उजेड सगळा फ्लॅशचा. फ्लॅश १/८ किंवा १/१६ पॉवरवर ठेवायचा, कारण पॉवर कमी तेवढा चमकण्याचा वेळ छोटा आणि वेळ छोटा असला की हलणारी माशीसुद्धा गोठते. पण नुसता फ्लॅश मारलात तर माशी प्लॅस्टिकची दिसते, पाठीवर पांढरे डाग येतात. म्हणून डिफ्यूझर, म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरवणारा पडदा, हवाच. स्टेशनरीच्या दुकानातला ट्रेसिंग पेपर आणि पुठ्ठा घेऊन घरीच बनवा, जेवढा मोठा आणि माशीच्या जेवढा जवळ तेवढा उजेड मऊ. लेन्सवर पैसे घालण्याआधी एक रविवार यावर घाला.

फोकसचं म्हणाल तर ऑटोफोकस बंद. १:१ ला एफ/११ वर सुद्धा एखाद मिलिमीटरच शार्प मिळतं, त्यामुळे रिंग एकदा सेट करायची आणि स्वतःच पुढेमागे डुलत डोळा शार्प दिसला की क्लिक. मधमाशीच्या डोळ्यांवर बारीक केस असतात, ते दिसले म्हणजे जमलं. वाऱ्याने मंजिरी हलत असेल तर डाव्या हाताने देठ धरा आणि लेन्स त्याच मनगटावर टेकवा, ट्रायपॉडपेक्षा बरं पडतं.

माशी हलतेच फार असं वाटत असेल तर संध्याकाळी जा. निळ्या पट्ट्यांच्या माशीचे नर अंधार पडताना काडीला जबड्याने पकडून झोपतात, बऱ्याचदा ओळीने, तेव्हा फोकस थोडा थोडा सरकवत आठ-दहा फ्रेम घेऊन स्टॅक करता येतं (म्हणजे सगळ्यांचे शार्प भाग जोडून एकच फोटो). किडे फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करणारे लोक आहेत, प्लीज ते करू नका. आणि आग्या मोहोळाजवळ मॅक्रो नाहीच, फुलावर एकटी सापडली तरच काढा.

शेवटी ओळख पटवायची असेल तर नुसता चेहरा काढून थांबू नका, एक फोटो वरून आणि एक बाजूने पंखांच्या शिरा दिसतील असा घ्या.