कॉइलच्या ट्रेलरवर नव्यानं चढताना: कळंबोली ते चेन्नई

कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून कॉइल (पोलादी पत्र्याची गुंडाळी) घेऊन निघालेल्या बावीस टायरी ट्रेलरचं एकूण वजन ५५ टनांपर्यंत जाऊ शकतं. कायद्यानं तीच मर्यादा आहे: घोड्याच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या इंजिनाच्या गाडीच्या, पुढच्या अ‍ॅक्सलवर ७, मागच्या जोडीवर २१ आणि ट्रेलरच्या तीन अ‍ॅक्सलवर मिळून २७ टन. रिकामी गाडी पंधरा-सोळा टनांची धरली, तर माल ३९-४० टन. एवढी गाडी चालवणं काही महिन्यांत हाताला बसतं. माल बांधणं शिकायला जास्त वेळ लागतो आणि ड्रायव्हरची पारख तिथेच होते, कारण उघड्या ट्रेलरला फाळका नाही, बाजूच्या फळ्या नाहीत. वीस टनांची कॉइल जागेवर धरतात ती फक्त लाकडं आणि साखळ्या.

परवान्याचं थोडक्यात: ट्रान्सपोर्टचं लर्निंग काढायला वय २० पूर्ण हवं आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर जुना हवा. सोबत डॉक्टरांचं वैद्यकीय प्रमाणपत्र, फॉर्म १-अ. पक्का ट्रान्सपोर्ट परवाना ५ वर्षांसाठी मिळतो.

यार्डात हेल्मेट, सेफ्टी शूज आणि चमकणारं जॅकेट नसेल तर गेटवरूनच परत पाठवतात. क्रेन माल उचलते तेव्हा केबिनमध्ये बसू नका. उतरा, लांब उभे राहा, पण नजर कॉइलवर ठेवा. त्याआधी ट्रेलरचा पत्रा झाडून घ्या. तेल किंवा वाळू राहिली तर लाकूड घसरतं.

कॉइलचं भोक बाजूला तोंड करून असेल, तर ब्रेक मारल्यावर ती पुढे केबिनकडे गडगडू पाहते. भोक पुढे-मागे असेल, तर वळणावर बाजूला. म्हणून ती ज्या दिशेला लोळेल त्या दोन्ही अंगांना लाकडी पाचरी घट्ट बसवून एकमेकींशी जखडायच्या असतात. कॉइल पाचरींवर नीट बसली आहे की नाही हे पाहायची खूण सोपी आहे: तिच्या पोटाखाली बोटभर फट दिसली पाहिजे. पोट पत्र्याला टेकलं असेल तर पाचरी नुसत्या शोभेला आहेत. पुन्हा उचलायला सांगा. क्रेनवाला वैतागला तरी सांगा.

साखळ्यांचा हिशेब असा. जोराच्या ब्रेकला माल पुढच्या दिशेनं वजनाच्या ०.८ पट जोर लावतो असं धरतात. बाजूला आणि मागे ०.५ पट. म्हणजे वीस टनांच्या कॉइलला पुढे सोळा टन जोर. १० मिमीची ग्रेड ८० साखळी सरळ ओढीत साधारण ६.३ टनांची, आणि तिरकी बांधली की त्यातलं काही कमी होतं. दोन साखळ्यांत हे भागत नाही. भोकातून किमान चार घ्या, दोन पुढे आणि दोन मागे ओढणाऱ्या. कडेला रबर किंवा पत्र्याचा कोपरा लावा. कॉइलची धार पट्टा तर ब्लेडसारखा कापते.

निघाल्यावर पहिल्या तीसेक किलोमीटरमध्ये लाकूड दबतं आणि साखळ्या सैल होतात. त्यामुळे बोरघाट चढण्याआधी अधिकृत थांब्यावर उतरून पुन्हा ताण द्यायचा, मग दर दोन-तीन तासांनी. हे टाळणारे बरेच भेटतील. त्यांचं ऐकू नका.

सळ्यांची गोष्ट वेगळी. १२ मीटरची सळी ४० फुटी ट्रेलरवर जेमतेम मावते. ४० फूट म्हणजे १२.१९ मीटर, उरतात १९ सेंटीमीटर. मागे सळी बाहेर काढायला बंदी आहे. बंडलच्या मधल्या सळ्यांना साखळी धरत नाही, त्या ब्रेकला पुढे सरकतात. म्हणून बंडल पुढच्या भिंतीला भिडवूनच ठेवा.

रोज सकाळी गाडी सुरू करून हवा पूर्ण भरू द्या. लाल-पिवळे होस तपासा. लाल होस सुटला तर ट्रेलरचे ब्रेक जाम होतात. टायर थंड असतानाच हवा बघा आणि जोडटायरमध्ये अडकलेला दगड काढा. घोडा ट्रेलरला जोडला असेल, तर ट्रेलरचे ब्रेक लावून गाडी हलकेच पुढे ओढून पाहा. किंगपिन (ट्रेलर घोड्यात अडकवणारी खालची पिन) अडकली नसेल तर ते तिथेच कळतं.

डिझेल लोडमध्ये लिटरला अडीच-तीन किलोमीटर. कळंबोली ते चेन्नई १,३०० किमीला साधारण ४३० ते ५२० लिटर, आणि त्याच्या चार-पाच टक्के युरिया (धूर स्वच्छ करणारं, वेगळ्या टाकीतलं द्रावण). युरिया संपला की इंजिन ताकद काढून घेतं.

येताना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार लक्षात ठेवा. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं की इंजिनाचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतो आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये तो उतार चढला असता, तोच गिअर वरच टाकून एक्झॉस्ट ब्रेकवर (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा ब्रेक) उतरा. ड्रममधून धूर आला तर पाणी ओतू नका, तडा जातो.

आता वेळेचं. ई-वे बिलाला (माल नेण्यासाठीचा जीएसटीचा कागद) दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे १,३०० किमीला सात दिवस. दिवसाला साडेतीनशे किलोमीटर धरले तरी चार दिवसांत पोचता. मग रात्री दोन ते पाच गाडी हाणायची गरज काय? त्या वेळी डोळा लागतोच. मोटार कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात (तो २०२५ पर्यंत लागू होता) सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती होती, तेवढी घ्याच. घाटात गाडी बिघडून बिलाची मुदत जवळ आली, तर संपण्याआधी किंवा नंतर आठ तासांच्या आत मुदत वाढवून घ्यायला मालकाला लगेच फोन करा.

झोपायला उजेडातला पंप, डिझेलच्या टाकीला कुलूप. स्टोव्ह केबिनबाहेरच पेटवा.

फेरी ठरवताना भत्ता, हॉल्टिंग (माल उतरेपर्यंत गाडी थांबवण्याचे पैसे) आणि चलन कोण भरणार हे आधीच बोलून घ्या. माल ओव्हरलोड असेल तर २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहेत. काट्याची पावती स्वतः वाचा. चेन्नईत गेटवर पोचल्याची वेळ बिल्टीवर लिहून घ्या, नाहीतर दोन दिवस उभं राहून हॉल्टिंग मिळत नाही. सीआर (कोल्ड रोल्ड, थंड लाटलेल्या पत्र्याच्या) कॉइलला पाणी लागलेलं असेल, तर पोचपावतीवर तसा शेरा पडतो आणि पैसे कापले जातात. ताडपत्री काढण्याआधी आणि काढल्यावर फोटो काढून ठेवा.