पक्षाघात, फिट आणि कंपवात: घरात लक्षणे कशी ओळखावीत

निफाडच्या आमच्या मामींच्या हातून सकाळी सात वाजता चहाची बशी निसटली. हाताला मुंग्या आल्या असतील, असे समजून घरच्यांनी तेल चोळले, दुपारपर्यंत वाट पाहिली आणि नाशिकच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत दोन वाजून गेले. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात. मामींची ती वेळ ओसरीवरच संपली होती.

पक्षाघाताची शंका येताच माणसाला हसायला सांगावे आणि तोंड एका बाजूला ओढले जाते का, ते पाहावे. दोन्ही हात समोर उचलून धरायला लावावेत. एक हात आपोआप खाली येऊ लागला, तर ती खूण आहे. ‘गोदावरीला पूर आला आहे’ असे साधे वाक्य म्हणताना जीभ अडखळत असेल, तर तीही खूणच. यांपैकी एक जरी अचानक दिसली, तरी 108 ला फोन करावा आणि रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला, ती वेळ कागदावर लिहून घ्यावी, कारण डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. तोंडाने पाणी किंवा गोळी देऊ नये, कारण गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते. अ‍ॅस्पिरिनही नको, कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. म्हणूनच चोवीस तास सीटी स्कॅनची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, याची चौकशी आजच करून ठेवावी. दहा मिनिटांत सगळे पूर्ववत झाले, तरी जावेच. तो पुढच्या झटक्याचा इशारा असू शकतो.

फिट आली की आपल्याकडे नाकाशी कांदा धरतात. बहुतेक फिट एकदोन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला मिळते. खरे करायचे ते एवढेच: आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, झटके थांबताच रुग्णाला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. दातांत चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, शुद्ध येण्याआधी दुसरी आली किंवा आयुष्यातली ती पहिलीच असेल, तर 108.

क्षणार्धात शिगेला पोहोचलेली, आजवर कधी न झालेली डोकेदुखी हीसुद्धा तातडीचीच बाब आहे.

कंपवात मात्र पावलांचा आवाज न करता येतो आणि वयाच्या नावाखाली वर्षानुवर्षे खपून जातो. मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात थरथरतो, पण कप उचलताना थरथर बहुधा कमी होते. चालताना एकच हात हलेनासा होतो. अक्षर बारीक होत जाते. अशी शंका आली, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना बँकेच्या कागदांवरची जुनी सही आणि आजची सही, दोन्ही बरोबर न्याव्यात.